उफराटी देवी : जपानची आमानोजाको

रानजाई

माझी लेक चार वर्षांची आहे. ओसाकातल्या तिच्या पाळणाघरात मागच्या महिन्यात तिने एक नवा छंद धरला. बूट घाल म्हटलं की काढायचे, काढ म्हटलं की घालायचे. "भूक लागली का?" विचारलं तर "झोप आली". संध्याकाळी न्यायला गेले तेव्हा तिथल्या ताई म्हणाल्या, "आज आमानोजाकु आलाय बघा घरी." हा शब्द जपानीत रोजच्या बोलण्यातला आहे. मुद्दाम उलट वागणारा, दुसरा 'हो' म्हणाला की 'नाही' म्हणणारा, तो आमानोजाकु. मी तो इतकी वर्षं ऐकत होते आणि कधी उलगडून पाहिला नव्हता. त्या रात्री पाहिला, आणि त्याच्या मागे एक देवी उभी दिसली. तिच्यावर मराठीत काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

तिचं नाव आमानोजाको. पहिल्यांदा उच्चार. देवीच्या नावातला 'जा' हा जाळ्यातला ज आहे, आणि त्या उलट वागणाऱ्या पोराच्या 'आमानोजाकु'तला ज हा जय-विजयमधला. मराठी माणसाला हे दोन्ही ज जन्मापासून येतात, त्यामुळे हा फरक आपल्याला शिकावा लागत नाही. नाव तीन चित्राक्षरांत लिहितात: आकाश, उलट, प्रत्येक. आभाळातली, प्रत्येक गोष्टीत उलट. मला यासाठी एकच मराठी शब्द सुचतो, उफराटी.

कथा अशी. सुसानोओ हा वादळाचा देव, सूर्यदेवी आमातेरासूचा धाकटा भाऊ. त्याच्या छातीत उग्र ऊर्मी भरत गेली, भरत गेली, आणि शेवटी त्याने ती ओकून टाकली. जे बाहेर पडलं त्याची देवी झाली. अंग माणसाचं, डोकं जनावराचं, नाक लांब, कान लांब, सुळे बाहेर आलेले. कितीही बलवान देव असो, नाकावर अडकवून हजार री लांब भिरकावणारी. 'री' हे तिकडचं अंतराचं माप, आपल्या कोसासारखं. पोलादी तलवार दातांखाली धरून तुकडे तुकडे करणारी. मनासारखं झालं नाही की थैमान. आणि हे सगळं सांगून झाल्यावर कथा एक साधी गोष्ट सांगते: डावीकडे असलेल्याला ती उजवं म्हणे, पुढे असलेल्याला मागचं म्हणे.

मराठीत या जन्मकथेला एक असा योग आहे की मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. ती उलटीतून जन्मली आणि ती उलटी आहे. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द.

तिकडेही हे दोन अर्थ फार लांब नाहीत. तिची कथा छापून लोकांपर्यंत नेणाऱ्या ग्रंथांतला एक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे १७१२ सालचा 'वाकान सान्साई झुए', १०५ खंडांचा सचित्र ज्ञानकोश. करणारा तेराजिमा र्योआन, ओसाकाचा वैद्य. नोंद कुठे आहे, तर डोंगरातल्या पक्ष्यांच्या खंडात, तेंगूच्या शेजारी. तेंगू म्हणजे रानात राहणारे, लांब नाकाचे, पंखांचे उग्र जीव. पुढे १७७९ मध्ये चित्रकार तोरियामा सेकिएनने आपल्या भुताखेतांच्या चित्रपुस्तकात तिला जागा दिली. हा सेकिएन म्हणजे प्रसिद्ध चित्रकार उतामारोचा गुरू. त्याने चित्राशेजारी दिलेल्या मजकुरात पुढचा भाग आहे. तिने आकाशातला 'उलटा वायू' गिळला आणि पुरुषाशिवाय एक मुलगा जन्माला घातला. 'उलटा वायू' ही वैद्यांची भाषा आहे. जपानी वैद्यकात शरीरातली ऊर्जा खाली जायच्या ऐवजी वर उसळली की मळमळ, ढेकर, खोकला, तोंड लाल होणं असे त्रास होतात, त्याला हेच नाव. बापाने ओकलं ते लेकीने गिळलं. तिचा मुलगा आमानोसाकु हा नऊ आकाशांचा राजा झाला. जितके म्हणून अस्वस्थ, आज्ञा मोडणारे देव आहेत ते सगळे त्याच्या पदरी. तो माणसांच्या मनात शिरतो तेव्हा शहाणा असो की वेडा, दोघांचंही मन ढवळून निघतं.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

देवांना भिरकावणं, तलवारी चावणं हे मला भयंकर वाटलं नाही. असं बळ जगातल्या सगळ्याच पुराणांत सापडतं. मला धास्ती वाटली ती डाव्याला उजवं म्हणण्याची. कारण ७१२ मध्ये लिहून झालेला जपानचा जुना पुराणग्रंथ 'कोजिकी' उघडला की दिसतं, तिथलं जगच डाव्या-उजव्यावर उभं आहे. इझानागी आणि इझानामी हे आदिदांपत्य लग्न करतं ते एका खांबाभोवती फिरून. तो डावीकडून, ती उजवीकडून. पहिल्या वेळी बोलण्याचा क्रम चुकतो, आणि पहिलं मूल जळवेसारखं निपजतं. त्याला बोरूच्या होडीत घालून सोडून देतात आणि पुन्हा सगळं क्रमाने करतात, तेव्हा कुठे बेटं जन्मतात. पुढे इझानागी पाताळातून परत येऊन आंघोळ करतो. डावा डोळा धुतो, त्यातून सूर्यदेवी. उजवा डोळा धुतो, त्यातून चंद्रदेव. नाक धुतो, त्यातून सुसानोओ. जुन्या दरबारातही डावीकडचा मंत्री उजवीकडच्यापेक्षा वरचा. आपल्याकडे उजव्याला मान, तिकडे डाव्याला. एकदा ही बैठक लक्षात घेतली की कळतं, जी डाव्याला उजवं म्हणते ती सूर्याला चंद्र म्हणतेय. लग्नाची प्रदक्षिणा उलटी फिरवतेय. तिला जग मोडायची गरजच नाही, ती फक्त नावं बदलते आणि जग आपोआप ढासळतं.

आणि नाक. बाप नाकातून जन्मला, आणि लेकीचं हत्यार नाक. हा दुवा कथा लिहिणाऱ्याने जाणून ठेवला की हातून झाला, मला तो फार सुंदर वाटतो.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः जपानीचे अभ्यासक इथे असतील तर.

---

घाटमाथा

सुरेख लेख. उलटी आणि उलटी वाचून मीही थांबलो.

एक शंका. इंटरनेटवर जिथे तिथे हिला 'प्राचीन जपानी देवी' म्हटलंय. तुम्ही मात्र १७१२ आणि १७७९ ही सालं देताय. मग कोजिकीत ती आहे की नाही? आणि काही ठिकाणी 'कुजिकी' असंही वाचलं, तो कोजिकीचाच दुसरा उच्चार का?

---

रानजाई

धन्यवाद, घाटमाथा. प्रश्न नेमका आहे. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

कोजिकीत ती नाही. ७२० सालच्या 'निहोन शोकी'तही नाही. कुजिकी हा वेगळा ग्रंथ, आणि त्याच्या नावाने दोन गोष्टी फिरतात. एक नवव्या शतकातला दहा खंडांचा संग्रह. दुसरा त्याच नावाचा आधार घेऊन सतराव्या शतकात छापलेला, कितीतरी मोठा ७२ खंडांचा. हा दुसरा सूर्यदेवीच्या इसे इथल्या मंदिराला खटकला, कारण त्यात इसेचा मान दुसऱ्याच एका देवस्थानाला दिला होता. तक्रार गेली, आणि १६८१ मध्ये सरकारने तो बनावट ठरवून त्यावर बंदी घातली. आमानोजाकोची कथा या दुसऱ्याच्या परंपरेतली मानली जाते. र्योआनने आपल्या कोशात मोघम लिहिलंय, 'एका ग्रंथात असं म्हटलंय'. सेकिएननेही तेवढंच.

म्हणजे ती एदो काळाची (सतरावं ते एकोणिसावं शतक) देवी आहे. तिची देवळं नाहीत, जत्रा नाही, नवस नाहीत. ती कागदावर जन्मली, छापखान्यातून पसरली. म्हणून मला ती कमी वाटत नाही. उलट असं वाटतं की हजार वर्षं सुसानोओच्या रागाच्या कथा ऐकल्यावर कुणालातरी प्रश्न पडला असेल, की एवढा राग गेला कुठे? त्याचं उत्तर म्हणजे ही.

---

सांजवात

लेख आवडला, पण एक गोष्ट टोचते आणि ती बोलून दाखवते.

राग बापाचा. छातीत साठवला त्याने, ओकला त्याने. आणि सुळे, जनावराचं डोकं, 'मनासारखं झालं नाही की थैमान' हे सगळं आलं मुलीच्या वाट्याला. तो पुढे आठ तोंडांचा साप मारून वीर होतो, बायको मिळवतो, तलवार मिळवतो. हिच्यावर फक्त एक चित्र आणि चार ओळी. दुसऱ्याचं विष पोटात घेऊन जन्मलेल्या बाईलाच कर्कशा म्हणायचं, ही गोष्ट मला परकी वाटत नाही. मी घराघरात पाहिली आहे. आजोबा तापट होते, पण गावात त्यांना 'करारी' म्हणत. माझी आत्या हुबेहूब त्यांच्यावर गेली होती. तिला गाव 'फाटक्या तोंडाची' म्हणे.

---

रानजाई

सांजवात, तुमच्या आत्यांबद्दल वाचून गलबलून आलं.

तुमचं म्हणणं मला पटतं. सुसानोओचे पराक्रम तर पाहाच. दाढी छातीवर रुळेपर्यंत तो रडत राहिला, कारण त्याला आईच्या देशी जायचं होतं. इतका रडला की हिरवे डोंगर वाळले, नद्या-समुद्र आटले, आणि वाईट देवांचा आवाज आषाढातल्या माश्यांसारखा घोंगावू लागला. बहिणीच्या घरी गेला तर भाताच्या खाचरांचे बांध फोडले, पाट बुजवले, नव्या पिकाच्या सणाच्या दालनात घाण केली, सोललेलं घोडं छप्पर फोडून विणकामाच्या दालनात टाकलं. त्यात एक विणकरीण दगावली. तेव्हाच आमातेरासू गुहेत जाऊन बसली आणि जग अंधारलं.

ज्यांनी शेती पाहिली आहे त्यांच्या लक्षात येईल, की बांध फोडणं आणि पाट बुजवणं हे गुन्हे कुठल्या माणसांनी पहिले मोजले असतील. शिंतो धर्मातल्या शुद्धीकरणाच्या जुन्या मंत्रात 'आकाशातले गुन्हे' म्हणून जी यादी येते, तिच्या सुरुवातीला हेच आहेत.

आणि एवढं करून तो आज क्योतोच्या यासाका देवस्थानात विराजमान आहे. रोगराई शमावी म्हणून ८६९ मध्ये सुरू झालेला गिओन उत्सव तिथलाच. त्याला दरवर्षी मिरवणूक, लेकीला कधीच नाही.

---

जुनापार

उशिरा वाचलं. इथे थोडी सविस्तर भर घालतो, कारण 'देवाच्या अंगातून बाहेर पडलेली घाण आणि तिचा झालेला देव' हा धागा आमानोजाकोच्या फार आधीपासून चालत आला आहे.

इझानामी अग्निदेवाला जन्म देताना भाजते आणि मरणाच्या दारात पडते. तेव्हा तिला उलटी होते. त्या उलटीतून खाणीचे, धातूचे दोन देव जन्मतात. विष्ठेतून मातीचे देव. मूत्रातून पाण्याची देवी. कोजिकीत हे अगदी सरळपणे, कुठलाही संकोच न करता लिहिलंय. सुसानोओचीच आणखी एक कथा पाहा. तो ओगेत्सुहिमे या अन्नदेवीकडे जेवायला मागतो. ती नाकातून, तोंडातून आणि पाठीमागून पदार्थ काढून ताट वाढते. तो चोरून बघतो, चिडतो, तिला ठार मारतो. तिच्या प्रेतातून काय उगवतं? डोक्यातून रेशमाचे किडे, डोळ्यांतून भात, कानांतून राळं, नाकातून लाल चवळीसारखे अझुकी, आणि खालून गहू नि सोयाबीन. ओकारीतून देवी जन्मली हे ऐकून आपण दचकतो, पण कोजिकी वाचलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. त्या जगात शरीरातून बाहेर पडलेलं काहीच वाया जात नाही.

आता गोंधळाच्या, अनर्थाच्या देवतांबद्दल. रानजाईंनी इझानागीच्या आंघोळीचा उल्लेख केला. डोळे-नाक धुण्याच्या आधी काय झालं ते फार महत्त्वाचं आहे. पाताळातला जो मळ त्याच्या अंगाला लागला होता, त्यातून आधी 'मागात्सुही' नावाचे दोन देव झाले. अनर्थाचे देव. त्यांच्या पाठोपाठ, तो अनर्थ सरळ करायला 'नाओबी' देव झाले. नाओ म्हणजे सरळ करणं, दुरुस्त करणं. आजही जपानीत आजारातून बरं होण्याला आणि वस्तू दुरुस्त करण्याला 'नाओरु-नाओसु' म्हणतात. म्हणजे वाकडं आणि सरळ एकाच अंघोळीत जन्मले, वाकडं थोडं आधी.

यावरून दोन मोठ्या विद्वानांमध्ये मतभेद झाला. मोतोओरी नोरिनागाने (तोही वैद्य, मात्सुसाकाचा) ३० हून अधिक वर्षं घालवून १७९८ मध्ये कोजिकीवरची टीका पुरी केली. त्याचं म्हणणं, जगात चांगल्या माणसाच्या वाट्याला दुःख येतं ते मागात्सुहीमुळे. त्याला माणसाचा उपाय नाही. दुःख झालं तर रडावं, कारण काढत बसू नये. त्याला गुरू मानणारा हिराता आत्सुताने मात्र म्हणाला, छे, मागात्सुही मुळात मळाचा तिटकारा असलेला देव आहे, मळ दिसला की तो खवळतो. एकाच्या मते अनर्थ हा जगाचा स्वभाव, दुसऱ्याच्या मते अनर्थ हा मळावरचा राग.

मी स्वतः नोरिनागाच्या बाजूचा. बायको गेली त्या वर्षी मी त्याचं थोडं भाषांतर वाचलं होतं. सगळे मला कारणं सांगत होते, कर्म, ग्रह, नशीब. तो एकटाच म्हणत होता की रडणं हेच योग्य आहे.

---

पाटाचंपाणी

जुनापार, प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. शेवटच्या ओळींसाठी नमस्कार.

---

उंबरठा

छान चर्चा. मला वाचताना सारखी अक्काबाई आठवत होती. आपल्याकडे 'अक्काबाईचा फेरा' म्हणतो ना. लक्ष्मीची थोरली बहीण ज्येष्ठा, अलक्ष्मी. तिचंही सगळं उलट. जिथे भांडण तिथे तिचा वास, जिथे केर तिथे ती. तिचं आणि आमानोजाकोचं कुठे नातं निघेल का? बौद्ध धर्माबरोबर आपल्या इतक्या देवता तिकडे गेल्या, तशी ही गेली असेल का?

---

रानजाई

उंबरठा, मला तरी तसं नातं दिसत नाही, आणि ओढूनताणून जोडू नये असं वाटतं. अलक्ष्मी घरात येते, राहते, तिला बाहेर काढायचा विधी असतो. आमानोजाको कुणाच्या घरी येत नाही. तिला दारिद्र्याशी देणंघेणं नाही. दोघींना एकत्र बांधलं तर दोघींचंही जे खास आहे ते पुसलं जाईल.

देवता गेल्या हे मात्र शंभर टक्के खरं. सरस्वती तिकडे बेन्झाइतेन, लक्ष्मी किचिजोतेन, महाकाल दाइकोकुतेन, गणपती कांगितेन. आणि कुबेर, म्हणजे वैश्रवण, झाला बिशामोनतेन. या बिशामोनतेनशी आपल्या विषयाचा खरा संबंध आहे! त्याच्या पायाखाली जे पिशाच्च चिरडलेलं असतं, त्याला जपानी लोक आमानोजाकु म्हणतात. चिलखत घातलेला कुबेर, आणि त्याच्या बुटाखाली हा उलट्या डोक्याचा जीव.

आमानोजाकु हे नाव कुठून आलं याचं आणखी एक उत्तर दिलं जातं, तेही सांगून टाकते. कोजिकीत आमेनोसागुमे नावाची बाई आहे. आकाशातल्या देवांनी पृथ्वी ताब्यात आणायला आमेनोवाकाहिकोला पाठवलं. तो इथे रमला, लग्न केलं, आठ वर्षं निरोप नाही. चौकशीला देवांनी एक फेझंट (तितराच्या कुळातला पक्षी) पाठवला. दारातल्या झाडावर बसून त्याने निरोप सांगितला. सागुमे म्हणाली, "या पक्ष्याचा आवाज अशुभ आहे, मारा त्याला." आमेनोवाकाहिकोने बाण सोडला. बाण पक्ष्यातून आरपार जाऊन थेट आकाशात देवांच्या पायाशी पडला. देवाने रक्ताळलेला बाण ओळखला, ज्या भोकातून आला त्यातूनच खाली परत फेकला, आणि तो अंथरुणात झोपलेल्या आमेनोवाकाहिकोच्या छातीत घुसला. निरोपाला अपशकुन म्हणणारी ती सागुमे. इथेही पाहा, शस्त्र कुठलंच नाही, नाव चुकीचं दिलं एवढंच.

---

लेणीवाट

देवता गेल्या हा विषय निघालाच आहे तर आमच्या भागातली एक सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अजिंठ्याचं दोन नंबरचं लेणं. बहुतेक लोक छतावरची चित्रं बघून एक नंबरकडे नाहीतर पुढे सरकतात. आत मुख्य गाभाऱ्याशेजारी एक छोटं देवघर आहे, त्यात हारिती आणि तिचा नवरा पांचिक बसले आहेत. तिच्या मांडीवर मूल. ही मूळची यक्षिणी, लोकांची पोरं पळवून खाणारी. तिला स्वतःला पाचशे मुलं. बुद्धाने तिचं सगळ्यात धाकटं, लाडकं पोर लपवलं. ती वेड्यासारखी शोधत फिरली. तेव्हा तो म्हणाला, पाचशेतलं एक गेलं तर तुझं हे झालं, ज्यांचं एकुलतं एक तू खाल्लंस त्यांचं काय? तेव्हापासून ती मुलांची राखणदार झाली.

त्या मूर्तीच्या पायाशी दगडात एक शाळा कोरली आहे. एका टोकाला छडी घेतलेले गुरुजी, पुढ्यात पाटी घेतलेली शहाणी मुलं, आणि जसजसं मागे जावं तसतशी खेळणारी, मस्ती करणारी. मागच्या बाकावरची मुलं दीड हजार वर्षांपूर्वीही अशीच होती. बॅटरीचा प्रकाश आडवा पाडला की ती पोरं हलल्यासारखी वाटतात. मी प्रत्येक वेळी मित्रांना घेऊन आधी तिथेच जातो.

हीच हारिती जपानात किशिमोजिन. रानजाई, तोक्योच्या झोशिगाया भागात तिचं मंदिर आहे ना?

---

रानजाई

हो, आहे! आणि तिथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तिच्या नावातलं पहिलं अक्षर 'ओनी', म्हणजे राक्षस. त्या अक्षराच्या डोक्यावर एक छोटा फटकारा असतो, शिंगासारखा. झोशिगायाच्या मंदिरात नाव लिहिताना तो फटकारा गाळतात. ती आता राक्षसी राहिली नाही, म्हणून अक्षराचंच शिंग काढून घेतलं.

दोन नंबरच्या लेण्यातली ती शाळा मी पाहिलेली नाही, इतक्या वेळा जाऊनही. पुढच्या खेपेला लेकीला घेऊन जाणार.

---

निळीशाई

मी कामानिमित्त नाराला दोन वर्षं होतो. बिशामोनतेनच्या पायाखालच्या जिवाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

तिथे चारी दिशांच्या रक्षक देवांच्या (बिशामोनतेन त्यांतलाच एक) मूर्ती बऱ्याच मंदिरांत आहेत आणि प्रत्येकाच्या पायाखाली असं एक पिशाच्च. लोक वर बघतात, देवांचे चेहरे. मी हळूहळू खाली बघायला लागलो. होर्यूजी मंदिरातली सातव्या शतकातली पिशाच्चं शांत आहेत, बैलासारखी बसून भार घेतात. पुढच्या शतकांतली कण्हतात, तोंड वाकडं करतात, एकाचे डोळे तर बाहेर आले आहेत. इतकी वर्षं त्या पायाखाली राहून त्यांना काय वाटत असेल, हा विचार कुठल्यातरी शिल्पकाराच्या मनात आला असणार, कारण कोफुकुजी मंदिरात त्याचं उत्तर आहे.

तिथे दोन लाकडी मूर्ती आहेत, १२१५ सालच्या. उंची जेमतेम पाऊण मीटर. त्याच पिशाच्चांच्या, पण वर देव नाही. पायाखालून मोकळी होऊन ती उभी राहिली आहेत आणि बुद्धापुढे दिवे धरताहेत. एकाला दोन शिंगं आणि तीन डोळे, दिवा डाव्या खांद्यावर, तोंड उघडून ओरडतोय. दुसऱ्याने दिवा डोक्यावर घेतलाय, अंगाभोवती साप गुंडाळावा तसा ड्रॅगन, त्याची शेपटी हातात घट्ट धरलेली, तोंड मिटलेलं, आणि डोळे वर करून तो दिवा पडत नाही ना हे बघतोय. या दुसऱ्याचा शिल्पकार कोबेन, नामवंत शिल्पकार उन्केईचा मुलगा.

त्या वर बघणाऱ्या डोळ्यांपुढे मी पहिल्यांदा अर्धा तास उभा होतो. पोटाचे स्नायू ताणलेले, भुवया तांब्याच्या पत्र्याच्या, पुढे आलेल्या. जन्मभर ज्याला तुडवला, त्याच्या हातात कुणीतरी जपायची वस्तू दिली आहे आणि तो ती जिवापाड जपतोय.

---

चिंचेचाकोळ

मी अकरावीत आहे. इथे नेहमी फक्त वाचते. आमानोजाको मला एका व्हिडिओ गेममध्ये भेटली होती. त्यात ती लहानशी, उडणारी, बडबडी आणि मदत करणारी आहे. त्यामुळे मला ती आधीपासून आवडायची आणि इथे तिची खरी कथा वाचून धक्का बसला. पण वाईट नाही वाटलं. सांजवात मावशींचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

एक प्रश्न आहे. तिला कुणी हरवलं का? सुसानोओने सापाला मारल्याची गोष्ट आहे, तशी हिची आहे का?

---

रानजाई

चिंचेचाकोळ, लिहीत जा, छान लिहितेस.

नाही. जेवढी कथा छापली आहे तेवढ्यात तिला कुणीच हरवत नाही. कुणी देव तिच्यावर चालून जात नाही. ती फक्त आहे, आणि तिचा मुलगा राजा आहे.

काल ३० जून होता. वर्षाच्या मध्यावर देवस्थानांत शुद्धीचा विधी असतो. लांब गवताचं माणसाहून उंच कडं वळून दारात उभं करतात आणि त्यातून जायचं असतं. आधी डावीकडून वळसा, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून, असा इंग्रजी आठाचा आकडा. त्या कड्याचं नातंही शेवटी सुसानोओशी पोचतं. रोगापासून वाचायला त्याने एका गरीब यजमानाला कमरेला गवताचं कडं बांध असं सांगितलं होतं, ही जुनी गोष्ट आहे. पाऊस येऊन गेला होता, गवताला ओला हिरवा वास होता, आणि माझ्यापुढे शाळेतून आलेल्या पोरांची रांग.

लेक माझा हात सोडून पुढे गेली आणि बरोबर उजवीकडे वळली. मी हाक मारली तर आणखी जोरात उजवीकडे. मागे छत्री घेतलेल्या एक आजी होत्या. मी त्यांची माफी मागायला वळले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं, तिचं संपलं की मी जाईन." लेकीने उजवा वळसा घेतला, डावा घेतला, पुन्हा उजवा घेतला, आणि गवताच्या कड्यात मधोमध उभी राहून माझ्याकडे बघत बसली. आजी थांबल्या. मग त्यांनी छत्री मिटली आणि आपल्या क्रमाने, डावीकडून सुरुवात करून, तिच्या बाजूने आत गेल्या.

---

घाटमाथा

निळीशाई, कोफुकुजीतल्या त्या दोन मूर्ती नेहमी बघायला मिळतात का, की ठरावीक दिवशीच? नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन नाराला जातोय. आईचे गुडघे दुखतात, फार चढ आहे का तिथे?

---

निळीशाई

देवस्थानाच्याच संग्रहालयात आहेत, सहा हात आणि तीन तोंडांच्या प्रसिद्ध असुराच्या मूर्तीबरोबर. किन्तेत्सु नारा स्थानकापासून सरळ चालत जाता येतं. एक सौम्य चढ आहे, सावकाश गेलं तर त्रास होणार नाही, वाटेत हरणं थांबवतातच. आईंना सांगा, डोक्यावर दिवा धरलेल्याच्या समोर थोडं वाकून बघा. त्याची नजर कुठे लागली आहे ते तेव्हाच कळतं.